पहिला घोट

सावळाराम मास्तरांना राग येत नाही, अशी हिरडेवाडीत सगळ्यांची पक्की समजूत होती. बारा वर्षं ते तिथली मिशनची शाळा चालवत होते. पोरं थुंकी लावून पाटी पुसायची, मास्तर ओलं फडकं पुढं करायचे. एखाद्याचा 'क' रोज उलटा यायचा, मास्तर रोज त्याचं बोट धरून तो सुलटा काढून घ्यायचे. छडी होती, पण ती नकाशावरच्या नद्या दाखवण्यापुरती. असा हा माणूस जानेवारीतल्या एका शनिवारी भर उन्हात चिखलाच्या ढिगाशेजारी येऊन उभा राहिला. त्याला बोलायचं होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. ते बघून माती तुडवणारी माणसं पाय जिथल्या तिथं ठेवून थांबली.

हे का झालं ते सांगायचं तर थोडं मागं जायला हवं.

हिरडेवाडी म्हणजे भोर संस्थानाच्या हद्दीला लागून, वेल्ह्याकडे जाणाऱ्या वाटेवरचं, डोंगराच्या पोटाशी बसलेलं गाव. गावात ख्रिस्ती घरं दहा, सगळी महारवाड्यातली. त्यांचं देऊळ म्हणजे मातीच्या भिंतींची, कौलांची एक लांबट खोली. सहा दिवस तिथं शाळा भरायची आणि रविवारी उपासना व्हायची. पाळक, म्हणजे धर्मगुरू, गावात नव्हता. मास्तरच दर रविवारी शास्त्रपाठ वाचायचे आणि प्रार्थना करायचे. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, मात्र पाळकाच्या हातूनच व्हायचं, म्हणून ते वर्षातून एकदा होई. जानेवारीत भाताची झोडणी उरकली की पुण्याहून पाळक यायचे, तेव्हा.

त्या प्रभुभोजनाची हिरडेवाडीची एक रीत होती. पितळेचा एकच पेला, आतून कल्हई केलेला. मनुका भिजवून, कुस्करून, फडक्यातून गाळलेला रस त्यात ओतायचा आणि पेला हातोहात फिरवायचा. त्या वर्षी जो नव्यानं मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समाजात, आला असेल, त्यानं पहिला घोट घ्यायचा. त्याच्या मागून त्याच पेल्याला बाकीच्यांनी ओठ लावायचे. ही रीत कुणा साहेबानं घालून दिलेली नव्हती. लोकांनीच ती पाडली होती. पाणवठ्यावर, चावडीवर, लग्नाच्या पंगतीत ज्यांची पाळी जन्मभर शेवटी आली, त्यांना एका ठिकाणी तरी पाळी उलटी करावीशी वाटली असेल. बाहेरून येणाऱ्या पाळकांना ती मोठी गोड वाटायची. मास्तरांनाही वाटायची. आजवर नवं आलेलं प्रत्येक माणूस महारवाड्यातलंच होतं, ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. येण्याचं कारणच पडलं नव्हतं.

या वर्षी नव्यानं यायची होती ती मांगवाड्यातली भामाबाई.

भामाबाई चाळिशीची, विधवा. घायपाताचा वाख काढून दोर वळायची. कासरे, दावी, मोटेचे नाडे. हिरडेवाडीतल्या प्रत्येक गोठ्यात तिच्या हातचं दावं होतं, पण कुणाच्या ओट्यावर तिला कधी बसायला मिळालं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी ती शाळेच्या पडवीत वाख घेऊन येऊन बसली आणि म्हणाली, "मास्तर, पोरांना सांगता ते जरा मोट्यानं सांगा. मला हितनं आयकू येत न्हाई." तेव्हापासून ती रोज यायची. तिला वाचता येत नव्हतं. ती ऐकून पाठ करायची. दहा आज्ञांसाठी दहा पेडांचा एक दोरच तिनं धरला होता. एकेक पेड हाताखाली घ्यायचा आणि एकेक आज्ञा म्हणायची. सातवीनंतर एकदम नववी आली, की पोरं ओरडायची, "भामाबाय, आठवी ऱ्हायली."

"आठवी चोरीची हाय," ती म्हणायची. "कालच तू माजी चिंच चोरलीस. आठवी तुज्यासाठनं ठेवली व्हती मागं."

पोरं हसायची. मास्तरही हसायचे आणि आठवी पुन्हा म्हणून घ्यायचे.

मंडळीचे एक वडील होते, म्हणजे पंच म्हणा, कोंडिबा. साठीचा माणूस, शब्दाला वजन. भिंत पडो, कुणाचं लग्न ठरो, कोंडिबांना विचारल्याशिवाय पान हलायचं नाही. डिसेंबरात ते शाळेत आले आणि मास्तरांच्या समोर बसले.

"मास्तर, एक पत्र ल्ह्यायचंय. पुन्याच्या मंडळीला."

पुण्याच्या एका मंडळीतली काही माणसं त्या वर्षी पाळकांबरोबर येणार होती. हिरडेवाडीत चार दिवस राहायचं, पडलेली भिंत बांधायला हात लावायचा, आजाऱ्यांना औषध द्यायचं आणि सगळ्यांनी मिळून उपासना करायची, असं त्यांनी कळवलं होतं.

"त्यांना ल्ह्या, येताना बारकं प्यालं आना म्हनावं," कोंडिबा म्हणाले. "शहरात आता ज्याचा त्याला येगळा आसतो म्हनं. आमच्यात गेनबाचा खोकला लई वाढलाय. उगं समद्यांना लागायला नगं."

मास्तरांना केवढा आनंद झाला. आरोग्याचा पाठ ते दर आठवड्याला पोरांना शिकवत. नखं कापा, उकिरडा दूर करा, खोकणाऱ्याच्या तांब्यानं पाणी पिऊ नका. शिकवलेलं पालथ्या घड्यावर पडतं असं त्यांना कधीकधी वाटायचं, आणि इथं गावचे वडील आपण होऊन मागणी करत होते. मास्तरांनी नवा टाक काढला, शाई घोटली आणि मोठ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'येथील बंधू गेनबा यांस क्षयाचा संशय असल्याने स्वतंत्र प्याले आणल्यास ते आरोग्याच्या दृष्टीने अत्यंत हितावह होईल.' 'अत्यंत हितावह' हे शब्द त्यांचे स्वतःचे. क्षयाचा संशयही त्यांचाच. कोंडिबा नुसतं खोकला म्हणाले होते.

गुरुवारी पाहुणे आले. कापूरहोळवरून मोटारीनं भोरला आणि तिथून पुढं बैलगाडीनं. सहा जण होते. त्यांत आनंदराव पाळक होते, पन्नाशीचे, आवाजाचे गोड. आणि चंद्राबाई नावाची एक नर्स होती, फटकळ पण हाताची हलकी. पाहुणे म्हणजे नुसते उपदेश करून जाणारे नव्हते, हे खरंच सांगायला हवं. आनंदरावांनी पहिल्याच दिवशी धोतर खोचून चिखलात पाय घातला. पावसाळ्यात ढासळलेली पश्चिमेची भिंत सगळ्यांनी मिळून उभी करायला घेतली. चंद्राबाईनं चिंचेखाली औषधांची पेटी मांडली आणि संध्याकाळपर्यंत सत्तर माणसांचे डोळे धुतले, गळवं फोडली. मांगवाडा, महारवाडा, मराठ्यांची आळी, डोंगरावरचे धनगर, सगळे त्या एका चिंचेखाली बसले. मास्तर ते बघत होते आणि त्यांना वाटत होतं, आता सगळे एक व्हायला उशीर नाही.

शुक्रवारी एक लाकडी खोकं उघडलं. गवतात गुंडाळलेले छत्तीस इवलेसे काचेचे प्याले, आणि ते बसवायला भोकं पाडलेलं एक तबक. मास्तरांनी पोरांना बोलावून सहाच्या सहा ओळी लावून दाखवल्या. साही सक किती, ते पोरांनी बोटानं मोजून सांगितलं. मास्तर त्या दिवशी फार खुशीत होते.

शनिवारी सकाळी भामाबाई आली. दोर वळताना चिरलेल्या अंगठ्याला पट्टी बांधलेली होती. मास्तरांनी तिला प्याले दाखवले.

"छान हायेत," ती म्हणाली. "भावलीच्या लगनातलं वाटत्यात."

"उद्या यातूनच घ्यायचं. एकाचा आजार दुसऱ्याला लागत नाही."

"कुनाचा आजार?"

"गेनबांचा खोकला आहे ना."

भामाबाईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. मास्तर चेष्टा करतायत का, असं बघितलं. मग ती पडवीत खाली बसली.

"मास्तर, गेनबा धा वर्सं खोकतोय. धा वर्सं समदे त्याच्या मागनं पीत आल्यात."

"आता वाढलाय म्हणाले कोंडिबा."

"काल दवा घ्यायला सखूबाय माज्या म्होरं बसली व्हती. कोंडिबाची सखूबाय. मला म्हनली, बरं झालं बाई, आता ज्याचं त्याला, कुनाचं उष्टं कुनाला न्हाई. म्या म्हनलं, आजवर येकमेकींचं उष्टं पीतच आलाव की. तर हसली. म्हनली, ते येगळं व्हतं." भामाबाई पट्टीचं टोक आत खोचत होती. "तुमी येवढं शिकलेलं. तुमाला खरंच कळलं न्हाई?"

मास्तरांनी हातातला प्याला तबकात परत ठेवला.

"मला तर खोकं उघडायच्या आधीच कळलं व्हतं," ती म्हणाली. "म्या पयला घोट घेतला, तर मागनं कोंडिबाला माज्या उष्ट्याला तोंड लावाया लागलं. सखूबायला, त्येंच्या सुनांना, समद्यांना. म्हनून ह्यो खटाटोप. आन पत्र म्हनं तुमीच ल्हिवलंत."

"कुणी सांगितलं?"

"कोंडिबानंच. मोट्या कौतुकानं सांगत व्हता, मास्तरांचं अक्षर म्हंजी मोत्याचं दानं."

तेव्हा मास्तर उठले, आणि भिंतीकडं गेले.

कोंडिबा गुडघ्यापर्यंत चिखलात होते. शेजारी त्यांचे दोन मुलगे माती तुडवत होते. मास्तर ढिगाशेजारी येऊन उभे राहिले, तसे सगळ्यांचे पाय थांबले.

"पेल्याचं काय केलंत तुम्ही?"

"कसला पेला?"

"माझ्याकडून पत्र लिहवून घेतलंत. गेनबाच्या खोकल्याचं नाव सांगितलंत."

कोंडिबांनी एक पाय चिखलातून उपसला, दुसरा उपसला. घाई नव्हती. बाहेर येऊन त्यांनी पाय गवतावर पुसले.

"मास्तर, आवाज चढवू नगा. पाव्हनं हायेत."

"भामाबाईच्या मागून प्यायला लागू नये, म्हणून हे केलंत. होय की नाही?"

"व्हय," कोंडिबा म्हणाले. सरळ म्हणाले. मास्तरांना वाटलं होतं, ते नाकारतील. "देव येक हाय. ते समदं मला मान्य हाय. तिला बाप्तिस्मा द्या, शेजारी बसवा, म्या काय बोललो का? पर घोट नरड्याखाली उतराय पायजे न्हवं? माजा न्हाई उतरत. आता तिला बी प्याला हाय, मला बी हाय. येकसारका. ह्यात अन्याव कुटं झाला?"

"तुम्ही मंडळीत आलात तेव्हा पहिला घोट कुणी घेतला?"

"म्या."

"तुमच्यानंतर?"

"तुमी."

"मी कधी तोंड फिरवलं?"

"आपून येकाच वाड्यातलं, मास्तर. तुमी कशाला फिरवाल?"

चिखल तुडवणाऱ्या मुलांपैकी एक जण हसला. मास्तर त्याच्याकडं वळले. हा मुलगा त्यांच्याच हाताखाली तिसरी शिकला होता. बेरीज त्याला येईना, तेव्हा चिंचोके घेऊन मास्तर त्याच्याजवळ तासन् तास बसले होते. तो हसला याचा मास्तरांना एवढा राग आला की आपण त्याला मारू, असं त्यांना वाटलं. हात वर गेलासुद्धा. त्यांनी तो स्वतःच्या मानेवर ठेवला.

"गावानं तुम्हाला काय केलं ते तुम्ही दर रविवारी सांगता," ते कोंडिबांना म्हणाले. "विहिरीवरनं हाकललं, रांजणाला हात लावू दिला नाही. आणि तुम्ही हे."

"म्या कुनाला हाकललं न्हाई," कोंडिबा म्हणाले. आता त्यांचाही आवाज चढला होता. "आन पत्र म्या ल्हिवलं न्हाई. मला अक्षर येत न्हाई."

मास्तर तिथून चंद्राबाईकडं गेले. ती कुणाच्या तरी कानात तेलाचे थेंब घालत होती. गेनबांना तपासलं का, असं त्यांनी विचारलं.

"कालच तपासलं. दमा आहे. जुनाट दमा. धुरात बसू नका म्हणून सांगितलंय, ऐकतील असं दिसत नाही."

"क्षय?"

"क्षय कोण म्हणतं?"

मी म्हणतो, असं मास्तरांना सांगावं लागलं असतं. ते न सांगताच ते आनंदरावांकडं गेले. आनंदराव देवळात पाटीवर उपदेशाचे मुद्दे लिहीत बसले होते, बाह्यांना चुना लागलेला. मास्तरांनी सगळं सांगितलं. आनंदरावांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग पिशवीतून एक कागद काढून त्यांनी मास्तरांपुढं ठेवला.

"अक्षर तुमचंच ना?"

'अत्यंत हितावह.' शाई अजून काळीभोर होती.

"माझंच," मास्तर म्हणाले. "मी फसलो. उद्या पितळेचा पेला काढा."

"मास्तर, मला तुमचं दुःख कळतं."

"दुःख नाही हे."

"बरं, राग म्हणू. पण विचार करा. दहा घरं आहेत. उद्या कोंडिबा उठून गेले, तर त्यांच्यामागं चार-पाच घरं जातील. मी चार दिवसांचा पाहुणा. मंडळीत फूट पाडून परत जाऊ?"

"फूट आहेच. तुम्ही तिच्यावर झाकण आणलंत."

"तुम्ही मागवलंत म्हणून आणलं," आनंदराव शांतपणे म्हणाले. त्यांच्या शांतपणाची मास्तरांना चीड आली. असाच शांतपणा त्यांनी स्वतः बारा वर्षं बाळगला होता आणि त्याला ते मोठा गुण समजत आले होते. "एक करू. तबकातला पहिला प्याला भामाबाईंना देऊ. रीतही राहील."

"पहिल्या घोटाला किंमत त्याच्या मागून पिणाऱ्यांमुळं आहे, पाळकसाहेब. मागून कुणी तोंड लावणारच नसेल, तर पहिला काय आणि शेवटचा काय."

आनंदरावांनी पाटीवरचा एक मुद्दा पुसला. मग म्हणाले, "उद्या तबकच फिरेल. पुढच्या वर्षी बघू. माणसांना वेळ द्यावा लागतो."

मास्तरांनी घरी येऊन पितळेचा पेला काढला. चिंच आणि राख लावून तो घासला, धुतला, पुन्हा घासला. काय करायचं ते ठरलं नव्हतं. पेल्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसत होतं आणि ते त्यांना बघवत नव्हतं.

रविवारी देऊळ भरलं. नव्या भिंतीचा ओला वास सगळीकडं होता. डावीकडं बाया, उजवीकडं पुरुष, पोरं पुढं जमिनीवर, पाहुणे मधेमधे विखुरलेले. भजनं झाली. पाहुण्यांनी बाजाची पेटी आणली होती, गेनबांनी डफ घेतला आणि खोकत खोकत ठेका धरला. भामाबाईला पुढं बोलावलं. तिनं नवं लुगडं नेसलं होतं, हात रिकामे होते. वाखाचा दोर नसताना तिला आज्ञा येतील का, अशी पोरांना काळजी पडली होती. पोरं ओठ हलवून तिच्याबरोबर म्हणत होती. तिनं दहाच्या दहा म्हटल्या. आठवीला ती किंचित थांबली, एका पोराकडं बघितलं, आणि पुढं गेली. आनंदरावांनी तिच्या डोक्यावर पाणी घातलं.

मग भाकर मोडली, तुकडे वाटले. मग तबक फिरलं. ज्यानं त्यानं आपापला प्याला उचलला. पाळकांच्या सांगण्याप्रमाणं सगळ्यांनी तो हातात धरून थांबायचं होतं आणि मग एकदम प्यायचं होतं. देवळात एवढी शांतता होती की काचेचे प्याले तबकात किणकिणलेले ऐकू येत होते. मास्तरांनी सगळ्यांचे चेहरे बघितले. सखूबाई, तिच्या सुना, कोंडिबांचे मुलगे. सगळे निवांत दिसत होते. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. हेच त्यांना सहन झालं नाही.

ते उभे राहिले.

"ते पत्र मी लिहिलं," ते म्हणाले. पहिल्यांदा आवाज बारीक निघाला, मग फुटला. "गेनबांना क्षय आहे, असं मी लिहिलं. ते खोटं आहे. त्यांना दमा आहे. ह्या बाईंनी तपासलंय, विचारा. हे प्याले रोगासाठी आणलेले नाहीत. भामाबाईनं तोंड लावलेल्या पेल्याला आपल्याला तोंड लावायला नको, म्हणून आणलेत. तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. मला एकट्याला ठाऊक नव्हतं, आणि मी तुमच्या पोरांना शिकवतो."

पुढं बसलेली पोरं अवाक झाली होती. त्यातलं सगळ्यात लहान रडायला लागलं. मास्तरांचा असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"मास्तर, खाली बसा," आनंदराव म्हणाले.

"नाही बसत." त्यांनी पिशवीतून पितळेचा पेला काढला, आपला इवलासा प्याला त्यात उपडा केला आणि रिकामा प्याला तबकात ठेवला. "माझा घोट यात आहे. याच्यातून मिळाला तर घेईन."

गेनबा कोपऱ्यातून उठले. डफ त्यांच्या खांद्याला तसाच होता.

"माज्या खोकल्याचं नाव घेतलं व्हय, कोंडिबा?" ते म्हणाले. "मला इचारायचं तरी. म्या दिलं नसतं." बोलता बोलता त्यांना उबळ आली. ती ओसरेपर्यंत सगळे थांबले. मग ते चालत आले आणि त्यांनी आपला प्याला पेल्यात ओतला.

कोंडिबा उभे राहिले. त्यांनी हातातला प्याला सगळ्यांच्या देखत एका दमात पिऊन टाकला, तबकात ठेवला आणि दाराकडं निघाले. त्यांच्या मागं दोन मुलगे, दोन सुना, आणि आणखी तीन घरची माणसं. दारात चपलांचा गोंधळ झाला. सखूबाई मात्र उठली नाही. नवऱ्यानं दारातून मागं बघितलं, तरी ती आपल्या प्याल्यात बघत राहिली. हे का, ते तिनं तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही नाही.

मास्तर भामाबाईकडं वळले. "भामाबाई, तुम्ही—"

"तुमी गप ऱ्हावा जरा," ती म्हणाली. "तुमचा राग तुमच्यापाशी ठेवा. आज माजा दिस हाय. सकाळधरनं समदी माज्याबद्दल बोलायला लागल्यात, मला कुनी बोलू देईना."

तिनं त्यांच्या हातातून पेला घेतला. आपला प्याला त्यात स्वतः ओतला. मग पेला दोन्ही हातांत धरून ती उभी राहिली आणि वाट बघत राहिली. चंद्राबाई आली आणि ओतून गेली. पाहुण्यांपैकी दोघं आले. म्हातारी धोंडाबाई काठी टेकत आली, तिचा निम्मा रस वाटेतच सांडला. एकूण अकरा माणसं आली. आनंदराव तबक धरून उभे होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी त्यांनी तबक खाली ठेवलं आणि तेही आले.

भामाबाईनं पेला तोंडाला लावला. मोठा घोट घेतला, नुसते ओठ टेकवून नाही, घाबरून नाही. शेतावरून आल्यावर माणूस पाणी पितं तसा. मग तिनं तो गेनबांकडं दिला. गेनबा प्याले. धोंडाबाई प्याली, चंद्राबाई प्याली. पेला पुरुषांच्या बाजूनं फिरून बायांकडं आला, आणि शेवटी सखूबाईपाशी थांबला. तिनं आपला भरलेला प्याला जमिनीवर ठेवलेला होता, ओतला नव्हता. तिनं पेला हातात घेतला. दाराकडं एकदा बघितलं. मग लुगड्याचा पदर घेऊन तिनं पेल्याची कड नीट, सगळ्या बाजूंनी पुसली आणि एक लहानसा घोट घेतला.

मास्तर एक पाऊल पुढं सरकले. "सखूबाई, इतकी वर्षं हा पेला कुणी पुसला नव्हता."

"पुसू द्या," भामाबाई त्यांच्या मागून हळूच म्हणाली. "प्याली न्हवं का."

"पुसायचा कशाला?"

"फुडल्या वर्साला इचारा तिला. म्या बी इचारीन. आज ऱ्हाऊ द्या."

मास्तरांनी पेला घेतला. तळाशी थोडा रस आणि मनुकेचं एक साल उरलं होतं. ते त्यांनी पिऊन टाकलं. गोड लागलं नाही. बाहेर चिंचेखाली कोंडिबांचा आवाज येत होता. शाळेत उद्यापासून पोरं पाठवायची नाहीत, असं ते कुणाला तरी सांगत होते. त्यांची तीन नातवंडं पुढं जमिनीवर बसलेली होती. उठून जावं की बसावं, ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून ती मास्तरांकडं बघत होती.

"बसा," मास्तर त्यांना म्हणाले.

आनंदराव जवळ आले. शेवटची प्रार्थना नेहमी मास्तरच करत. "मास्तर, तुम्ही करता ना?"

"मला आत्ता येणार नाही," मास्तर म्हणाले. "तुम्ही करा."